इको कुणाच्या हातात

(नाशिकजवळ मखमलाबाद. फुलशेतीतल्या घराची ओटी, दुपार. ‘झेंडू मेलडीज’ ही घरचीच लग्नातली गाण्याची पार्टी. सावळीराम, म्हणजे नाना, तिचे मालक आणि गायक. ज्ञानेश त्यांचा मुलगा, गिटार वाजवतो. शुभांगी सून, कीबोर्ड वाजवते. शालिमार भागातल्या दुकानातून आवाज घुमवणाऱ्या तीन इको मशिनी पसंतीला आणल्या आहेत. एक जमिनीवर, एक टेबलावर, एक दार असलेल्या लोखंडी रॅकमध्ये.)

नाना : ...आन् म्हणून शेवटचं सांगतो, अस्सल गळ्याला यंत्र लागत नाय! गळा ही देवाची देणगी हाय. उभा जन्म मी नुसत्या गळ्यावर उभा हाय!

ज्ञानेश : नाना, आत्ता तुम्ही मशीनवर उभे आहात.

नाना : आँ?

ज्ञानेश : पायाखाली बघा. हळू उतरा. हळू. मागं टेकू नका, तिथं दुसरं आहे.

नाना : मला वाटलं शुभांगीनं पाय पुसायला ठेवलंय.

शुभांगी : पायपुसण्याला दिवे नसतात, नाना.

नाना : आता कशालाबी दिवे असतात. परवा शेजारच्या भारतच्या पोराच्या बुटात होते. पोरगं चाललं की वरात निघाल्यावानी वाटतं.

ज्ञानेश : ऐका ना. टेम्पोवाला पाचला येईल. तिन्हींतलं एक ठेवायचं, दोन परत. हे पायाचं. गाता गाता पायानं बटण दाबलं की इको सुरू, परत दाबलं की बंद. हे टेबलावरचं. हे शुभांगीच्या शेजारी राहील, ती हातानं कमी-जास्त करेल. आणि हा रॅक. मागं उभा करायचा, एकदा सेटिंग केलं की दार बंद. मग कुणी हात लावायचा नाही. मुंबईच्या पार्ट्या सगळ्या रॅकवर गेल्यात.

नाना : दिसतंय तिजोरीवानी.

ज्ञानेश : तेच तर! स्टेजवर लोकांना काहीतरी दिसायला पाहिजे.

नाना : मी दिसत नाय का?

शुभांगी : नाना, रविवारी देवळ्याचं लग्न आहे. आज ठरलं नाही तर इकोच्या जुन्याच डब्यावर जावं लागेल.

नाना : देवळा तुझं माहेर. तुझी घाई मला कळते.

शुभांगी : घाई माहेरची नाही. घोटीची आहे.

नाना : या घरात घोटीचं नाव काढायचं नाय असं ठरलं होतं.

शुभांगी : तुम्ही ठरवलं होतं. आम्हाला सांगितलं होतं.

नाना : घोटीत जे झालं ते त्या डब्यामुळं झालं. त्याचा इको अडकला.

शुभांगी : अडकला नाही. तुम्ही शेवटपर्यंत फिरवला.

ज्ञानेश : जाऊ दे ना, शुभांगी.

शुभांगी : का जाऊ दे? पाचवं मंगलाष्टक चालू होतं. ‘सावधान’ म्हटलं ते संपेचना. मांडवभर नुसतं फिरतंय. माणसं अक्षता टाकतायत, परत ‘सावधान’ ऐकू येतंय, परत टाकतायत. अंतरपाट धरणाऱ्यांना वाटलं, एवढं जोरात म्हटलंय म्हणजे शेवटचंच असणार. त्यांनी अंतरपाट काढला. मुलीनं हार घातला. बाहेर ताशा सुरू झाला.

नाना : मला काय दिसत नव्हतं का?

शुभांगी : नव्हतं. तुमचे डोळे मिटलेले होते.

नाना : मंगलाष्टक डोळे मिटूनच म्हणायचं असतं.

ज्ञानेश : आणि नंतरची तीनही तुम्ही म्हटलीत, नाना. लग्न लागलेलं होतं. जोडपं फोटोला बसलं होतं.

नाना : आठ ठरली होती. मी कमी देत नाय.

शुभांगी : लागलेल्या लग्नाला सावधान म्हणत होतात.

नाना : लागल्यावरच खरी गरज असते.

ज्ञानेश : हसायचं काम नाही. लग्न मुहूर्ताच्या आधी लागलं. आता त्या जोडप्याचं काहीही बिनसलं की मुलीचे मामा आपल्याकडे फोन करतात. परवा भाजी खारट झाली म्हणून आला होता.

नाना : मग तू काय म्हणाला?

ज्ञानेश : सॉरी म्हणालो.

नाना : भाजीबद्दल?

ज्ञानेश : मग काय करू! नाव गेलंय आपलं. घोटीकडची तीन लग्नं दुसऱ्या पार्टीनं नेली. देवळ्यालाही असंच झालं तर संपलं. ‘झेंडू मेलडीज’चा बोर्ड उतरवायचा आणि नुसता झेंडू विकायचा.

नाना : बरं. दाखव ते पायाचं.

ज्ञानेश : पायाचं कशाला? रॅक बघा ना आधी.

नाना : पायाचं दाखव म्हटलं ना! चप्पल काढू का?

ज्ञानेश : काढायची गरज नाही.

नाना : मंगलाष्टकाला चप्पल घालून उभा राहू? काढतो. हं. कुठं दाबायचं?

ज्ञानेश : डावीकडचं. माईक घ्या. म्हणा.

नाना : देवळ्यासाठी नवीन रचलंय. ऐका. ‘आली माळ करी, उभी नवरि ही, शेवंतिच्या पाउली...’ अरे, हा दुसरा कोण गातोय?

ज्ञानेश : कुणी नाही. दोन बटणं एकदम दाबली तुम्ही. ती हार्मनी आहे, मशीनच दुसरा आवाज जोडतं.

नाना : बंद कर तिला! मागं कुणी उभं राह्यल्यावानी वाटतंय.

ज्ञानेश : पाय उचला.

नाना : उचलला.

ज्ञानेश : दोन्ही नाही! नाना, धरा, खांब धरा.

नाना : एवढी जवळ जवळ बटणं कशाला केली?

ज्ञानेश : ते बुटातल्या पायासाठी केलंय.

नाना : माझा पाय वाफ्यातला हाय. पसरतो.

शुभांगी : म्हणजे हे परत.

नाना : कोण म्हणालं परत? हेच ठेवायचं. गळा माझा, पाय माझा, बटण माझं. रविवारपर्यंत बसंल पायात.

शुभांगी : आणि नाही बसलं तर? आठव्याला दुसरा माणूस गायला लागला तर देवळ्याची माणसं नवरीला विचारतील, हा कोण?

ज्ञानेश : नाना, निदान टेबलवालं एकदा ऐका. तुम्ही नुसतं गायचं. बाकी शुभांगी बघेल.

नाना : मी गायचं, आन् माझा आवाज किती लांब जाईल ते सुनेनं ठरवायचं. वा. उद्या घरात काय बोललो तर स्टेजवर मला बारीक करशील.

शुभांगी : हा विचार मी केला नव्हता. आता करते.

ज्ञानेश : म्हणा, नाना. पूर्ण म्हणा. ‘सावधान’पर्यंत.

नाना : ‘आली माळ करी, उभी नवरि ही, शेवंतिच्या पाउली... कुर्यात् सदा मंगलम्... शुभमंगल साऽऽवधान.’

ज्ञानेश : बघितलंत? एक नंबर!

नाना : परत.

ज्ञानेश : छान झालं की.

नाना : मी शुभांगीशी बोलतोय. परत. ‘शुभमंगल साऽऽवधान.’

शुभांगी : ठीक वाटलं का?

नाना : हा कुणाचा आवाज हाय?

ज्ञानेश : तुमचाच. फक्त पंधरा वर्षांपूर्वीचा.

नाना : तू गप. शुभांगी, तू ‘सा’ला बटण फिरवलं.

शुभांगी : हो.

नाना : माझा दम सरायच्या आधी फिरवलं.

शुभांगी : हो.

नाना : सरणार, हे तुला आधी कसं कळलं?

शुभांगी : तिथंच सरतो, नाना.

नाना : कधीपासून?

शुभांगी : मागच्या लगीनसराईपासून. दिवाळीनंतर जास्त. घोटीत तुम्ही डब्याचं बटण पूर्ण फिरवलंत ते त्याच्यासाठीच. मी शेजारीच होते.

नाना : म्हणजे तू मोजत बसते.

शुभांगी : ऐकत बसते. मोजून काय करू?

ज्ञानेश : तुम्ही दोघं हे नंतर बोला ना. मशीन ठरवा. माझं विचाराल तर रॅक. त्यात कुणाचा हात नको, पाय नको, भांडण नको.

नाना : लाव तुझी तिजोरी.

ज्ञानेश : लावतो. हे बघा, हिरवा दिवा. एक नंबरचं सेटिंग. म्हणा.

नाना : ‘आली माळ करी...’ थांब. मी डब्यात पडल्यावानी का वाटतंय?

ज्ञानेश : तुम्ही जरा वरच्या पट्टीत म्हणा.

नाना : माझी पट्टी हीच हाय.

ज्ञानेश : हो, पण मशीनला जरा... म्हणजे हे सेटिंग जरा...

नाना : सेटिंग कुणी केलं?

ज्ञानेश : दुकानात केलं.

नाना : दुकानदारानं?

ज्ञानेश : हो.

नाना : कुणाचा आवाज ऐकून?

ज्ञानेश : असंच. जनरल.

नाना : ज्ञानेश, तिसरीत असताना तू गुलाबाचं कलम मोडलं होतं तेव्हाबी ‘असंच’ म्हणाला होता. कुणाचा आवाज?

शुभांगी : माझा.

ज्ञानेश : शुभांगी!

शुभांगी : शनिवारी हे मला दुकानात घेऊन गेले. म्हणाले, माईक तपासायचाय, एक मंगलाष्टक म्हण. मी म्हटलं. दुकानदार बटणं फिरवत होता. मला वाटलं, तपासतोय.

नाना : म्हंजे देवळ्याला हे तिजोरीवानी मागं उभं राहणार. त्याच्यापुढं तू उभी राहणार. आन् मी कुठं उभा राहणार?

ज्ञानेश : तुम्ही उभं राहायचं नाही, नाना. तुम्ही बसायचं. सोफ्यावर. पुढच्या रांगेत. आमदारांच्या शेजारी.

नाना : कशाला?

ज्ञानेश : तुमचा सत्कार आहे.

नाना : कसला?

ज्ञानेश : एवढी वर्षं कलेची सेवा केली म्हणून. शाल, नारळ, फेटा. लंकाबाई आत्यांचा फोन आला होता. नातवाचं लग्न आहे, त्यांच्या शब्दाबाहेर तिथं कोण जाणार? त्या म्हणाल्या, नानांचा मान मोठा करू.

शुभांगी : आत्या असं म्हणणार नाही. नीट सांगा काय म्हणाली.

ज्ञानेश : तेच म्हणाल्या.

शुभांगी : अहो, माझी आत्या आहे ती.

ज्ञानेश : म्हणाल्या, ‘म्हातारा भला माणूस शे, पण घोटीसारखं आमच्याकडे नको. शाल घाला अन् बसवा. माईक आमच्या पोरीच्या हातात द्या.’

नाना : हं. आता लंकाबाई बोलल्यावानी वाटलं.

ज्ञानेश : नाना, त्यात वाईट काय आहे? सगळ्यांसमोर सत्कार...

नाना : सत्कार मला सांगतो? अरे, शेकड्यानं सत्कार पुकारलेत मी माईकवरून. सत्कार झालेला माणूस परत उठून उभा राह्यलेला मी पाह्यला नाय. शाल अंगावर पडली की तो खाली बसतो, आन् मग लोक त्याला बसलेलाच ओळखतात.

ज्ञानेश : मग मी काय करायचं होतं? तुम्हाला तोंडावर सांगू? या ओटीवर कुणी तुम्हाला तोंडावर काही सांगितलंय कधी?

नाना : म्हणून मशीन आणलं. बापाला सांगायचं ते लोखंडाकडून सांगायचं.

ज्ञानेश : देवळा गेलं तर पार्टी बंद पडेल. पुढच्या वर्षी कुंभमेळा आहे, त्यात चार कामं मिळतील असं मी बघतोय. आणि तुम्ही बटण कुणाचं, पाय कुणाचा.

शुभांगी : आणि मला का नाही सांगितलंत?

ज्ञानेश : तू नाही म्हणाली असतीस.

शुभांगी : म्हणून विचारलंच नाही.

ज्ञानेश : विचारून नाही म्हणाली असतीस तर मग काय केलं असतं?

शुभांगी : ऐका. यांचं बोलणं ऐका, नाना. मी नाही म्हणणार ती मंगलाष्टकं. आत्याला मी आज संध्याकाळी फोन करते. गातील तर नाना गातील, नाहीतर दुसरी पार्टी बघा म्हणावं.

ज्ञानेश : झालं! संपलं! उतरवा बोर्ड!

नाना : ओरडू नको. शेजारी सुमनबाई कुंपणाशी येऊन उभी हाय. ...काय नाय, सुमनबाई! मशीन तपासतोय! ...गेली. शुभांगी, फोन करायच्या आधी मला एक सांग. देवळ्याचा मांडव मोठा. रविवारी माझा ‘सा’ पुरंल का?

शुभांगी : टेबलवालं घेतलं, मी बरोबर फिरवलं, तर...

नाना : ते सोड. मशीन बंद कर.

शुभांगी : कशाला?

नाना : सगळी बंद कर. ज्ञानेश, ती तिजोरीपण. माईक ठेव खाली. आता ऐका.

ज्ञानेश : नाना, राहू दे.

नाना : ‘शुभमंगल सा...’

शुभांगी : पाणी देऊ का?

नाना : नको. ‘शुभमंगल साऽ... ऽवधान.’

ज्ञानेश : सकाळपासून म्हणताय. दमलात.

नाना : दोन तुकडे झाले. मधनं माणूस जाईल एवढी फट हाय. अंतरपाटवाल्यांची काय चूक नव्हती. ...असं तोंड काय पाडता? कुणी गेलं नाय. शुभांगी, आता तू म्हण.

शुभांगी : मी नाही म्हणाले ना.

नाना : देवळ्यात नको म्हणू. इथं म्हण. माझ्यापुढं. मशिनीशिवाय.

शुभांगी : ‘आली माळ करी, उभी नवरि ही, शेवंतिच्या पाउली... कुर्यात् सदा मंगलम्... शुभमंगल साऽऽऽवधान.’

नाना : दम हाय.

ज्ञानेश : मी तेच सांगत होतो!

नाना : तू दुकानदाराला सांगत होता. मला नाय. शुभांगी, दम हाय, पण मधल्या चरणाला तू पळते. का पळते?

शुभांगी : अंतरपाट धरलेल्यांचे हात दुखत असतील असं वाटतं.

नाना : दुखू दे. मंगलाष्टकं म्हणणाऱ्यानं दया करायची नाय. तू पळाली की नवरीचे मामा पळतात, भटजी पळतो, फोटोवाला तर बूट घालून निघतोच. आन् ‘मंगलम्’ला तुझा आवाज पातळ पडतो. तिथं मागनं थोडं भरायला पाहिजे. थोडंच.

ज्ञानेश : रॅकमध्ये ते सेट करता येतं.

नाना : एकदा सेट करून दार लावलं की झालं? माणूस दर खेपेला तिथंच पातळ पडतो का? नवरीकडची रडायला लागली की ही पाचव्यालाच पातळ पडेल. मागं घोटीत नवरीच्या मावशीला रडताना बघून हिचं सुरावरनं बोट सुटलं होतं. तुझ्या तिजोरीला मावशी दिसते का?

शुभांगी : तुमचे डोळे तर मिटलेले होते.

नाना : कान उघडे होते. लाव ते टेबलवालं.

ज्ञानेश : आणि चालवणार कोण? शुभांगी गाणार असेल तर टेबलावर कोण?

नाना : स्टूल आण.

ज्ञानेश : तुम्ही?

नाना : कुठं पातळ होतं ते मला कळतं. ते कळण्यात तर जन्म गेला. म्हण, शुभांगी. हं... हं... आता ‘मंगलम्’ येतंय...

शुभांगी : नाना, कमी! कमी करा!

नाना : कुठलं कमी?

ज्ञानेश : उजवीकडे फिरवताय. डावीकडे!

नाना : झालं की. ऐकलं का? बसलं.

शुभांगी : शेवटी बसलं. पण परत डोळे मिटले होते तुम्ही.

नाना : सवय हाय.

शुभांगी : गाताना चालत होतं. तिथं बसायचं तर डोळे उघडे. माझ्याकडे बघायचं, नाहीतर मी गाणार नाही.

नाना : सून सासऱ्याला अट घालते.

शुभांगी : घालते.

नाना : बरं. माझीपण हाय. पाहुण्यांची नावं मी पुकारणार. नावांना दम लागत नाय, ओळख लागते. देवळ्याच्या अर्ध्या मांडवाचं लग्न मी लावलंय.

शुभांगी : पुकारा. पण नावांना इको नाही.

नाना : एका नावाला.

शुभांगी : कुणाच्या?

नाना : लंकाबाईच्या. तिच्या नावाला मी शेवटपर्यंत फिरवणार. सटाण्यापर्यंत गेलं पाहिजे.

ज्ञानेश : नाना, त्या चिडतील!

नाना : मान मोठा करतोय. आन् त्यांना आजच सांग, सोफा नको, शालपण नको. मी कामावर असतो तेव्हा सत्कार घेत नाय.

ज्ञानेश : आणि सत्काराला आमदार येणार आहेत, त्यांना काय सांगू?

नाना : त्यांना बसव सोफ्यावर. त्यांना सवय हाय. ...उभा काय राह्यला? टेम्पो आला वाटतं. पायाचं आन् तिजोरी दोन्ही चढव. पायाचं जपून, त्याच्यावर माझ्या पायाची माती हाय, ती पुसून दे.

ज्ञानेश : म्हणजे ठरलं? टेबलवालं? नक्की?

नाना : ठरलं.

शुभांगी : नाना... तुम्हाला चालणार आहे ना? म्हणजे मी पुढं, आणि तुम्ही...

नाना : शुभांगी.

शुभांगी : हं?

नाना : तुझं ते नखाला लावायचं लाल हाय ना, ते जरा आण. कमी-जास्तीचं बटण कुठलं, मला दिसतच नाय.